माझ्या नावाचं रडणं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरच्यांचे देठ खुडणं. माघ महिना होता. ओट्यावर गोणपाट अंथरलेलं, मध्ये लाल मिरचीचा ढीग, एका बाजूला ती, एका बाजूला मी. ती खुडत होती, मी शिंकत होतो. तिचं म्हणणं, मी मुद्दाम शिंकतो, उठून जायला कारण मिळावं म्हणून. खरं होतं, पण मी कबूल केलं नाही.

"उठू नका. अर्धा ढीग तुमना शे," ती म्हणाली.

"मी इतलं तिखट खास का?" मी म्हणालो. घरात सगळ्यात जास्त तिखट मीच खातो.

ढीग संपला तेव्हा ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं. तिनं राखेनं हात चोळले, धुतले, तरी तोच हात डोळ्याला लावला आणि मग अर्धा तास मला शिव्या दिल्या. तिखट तिच्या हाताला, शिव्या मला. सेहेचाळीस वर्षांचा आमचा संसार याच पद्धतीनं चालला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला दम लागला. शहाद्याला नेईपर्यंत रिक्षातच वच्छला गेली.

आता हे प्रवासवर्णन आहे, असं मला सुनेनं सांगितलं आहे. 'जाऊन आलात ना मामा, मग लिहा, नुसतं ओट्यावर बसून काय करता?' आमच्या लोणखेड्यात कॉलेजं आहेत, पण माझी चौथी झाली ती मास्तरांच्या दयेनं. तेव्हा चुका काढायच्या असतील त्यांनी खुशाल काढाव्यात, त्यांनाही काही काम हवं.

मी गेलो तोरणमाळला. लोक तिथं थंड हवा खायला जातात. मी माझ्या मयताचं रडणं ऐकायला गेलो. मी जिवंत आहे, ही अडचण होतीच.

ते असं झालं. दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या गल्लीत एक ग्रीस देशाचा माणूस आला. पेत्रोस नाव. पांढरी दाढी, काळा सदरा, काळी पँट, खांद्याला आवाज भरून घ्यायची एक पेटी. तो म्हणे त्याच्या मुलखातला मोठा संगीतकार, आणि आता देशोदेशी फिरून बायकांचं रडणं गोळा करतो. आमच्याकडे मयतावर बायका हेल काढून, मेलेल्याचे गुण सांगत रडतात, ते त्याला पेटीत भरायचं होतं. एवढ्या लांबून विमानानं येऊन माणूस काय मागतो, तर रडणं! गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग सगळ्यांनी नाही म्हटलं.

"कोनी मरेल नही, तं रडू कोनाले?" एकीनं विचारलं. बरोबरच होतं तिचं. मयत नसताना असं रडलं तर मरणाला घराचा पत्ता दिल्यासारखं होतं, असं आमच्याकडे मानतात.

त्या गर्दीतून आमची वच्छला उठली. "मी रडस."

"कोनना नावनं?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. "हाऊ बठेल शे ना. यानाच नावनं रडस. नाही तरी पहिले हाऊच जाई."

सगळी गल्ली हसली. त्या ग्रीसवाल्याला काही कळलं नव्हतं, तरी तोही हसला. माझं डोकं फिरलं. मी तरातरा कालव्याकडे निघून गेलो, आणि त्यानंतर आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. काय रडलीस, हेही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण आता वाटून घ्यायला मी मोकळाच आहे.

पुढं ती गेली आणि गल्लीनं निकाल दिला, की माझ्या वाट्याचं मरण तिनं घेतलं: "तुमनं मरन वच्छाबाईनी आंगवर लिधं." दहाव्यालाच सांगितलं, अकराव्याचीही वाट पाहिली नाही. मी हात जोडले, म्हटलं, तुमचे उपकार.

घरात तिच्या आवाजाचा एक तुकडा नाही. मुलाच्या मोबाईलमध्ये एक व्हिडिओ सापडला. त्यात ती तोंड उघडते आणि मध्येच मी बोलायला लागतो, ट्रॅक्टरच्या टायरबद्दल. तीन मिनिटं मीच बोलतो. ती तोंड मिटते. सून म्हणाली, "मामा, आवाज छान उना शे तुमना."

म्हणून या हिवाळ्यात पेत्रोस पुन्हा इकडे, तोरणमाळला आल्याचं कळलं, तसा मी त्याला निरोप धाडला. सुनेचा सल्ला होता, व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या. त्याचा उलट निरोप आला: हे फोनवर पाठवायचं नसतं, बाबानं यावं, समोर बसून ऐकावं. म्हणजे रडणं माझं, रडणारी माझी आणि नियम याचे.

निघताना सुनेनं आणखी एक बातमी दिली. सलीम मिस्त्रीला तिनं दोन दिवसांनी सकाळी यायला सांगितलं होतं, दारासाठी. आमचं पुढचं दार एका पावसाळ्यात फुगलं ते पुन्हा बसलंच नाही. बाहेरून आत यायचं तर खालच्या फळीला लाथ मारावी लागते. तीस वर्षं मी मारतो आहे, फळीला तिथं खळगा पडला आहे. वच्छला तीस वर्षं म्हणत होती, रंधा मारून घ्या. मी तीस वर्षं हो म्हणत होतो. सुनेला एवढा धीर नाही. "करू दे," मी म्हणालो आणि निघालो.

रस्ता

शहाद्याहून जीप मिळाली. ड्रायव्हर इरफान. गाडीत बारा माणसं आणि एक बकरी होती. बकरीला खिडकीची जागा मिळाली होती, मला मिळाली नाही. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांमागे आम्ही अर्धा तास शांतपणे उसाचा पाला पाहिला. म्हसावद गेलं, राणीपूर गेलं, मग सपाटी संपली आणि सातपुडा समोर उभा राहिला. खाली कापूस, पपई, केळी, हिरवंगार. वर नुसती वाळकी गवतं आणि साग. पावरा आदिवासींच्या झोपड्या इतक्या लांब लांब की शेजारणीशी भांडायचं तर डोंगर चढून जावं लागेल. आमच्या गल्लीतल्या बायका तिथं आठ दिवसांत आजारी पडतील.

पाहुण्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून मी तिखट घेतलं होतं. त्याच शेवटच्या ढिगाचं तिखट, सुनेनं नंतर दळून आणलेलं. वर्षभर मी त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. एक किलोची पिशवी, ती कापडी पिशवीत, ती माझ्या मांडीवर. घाटात सात वळणं आहेत. तिसऱ्या वळणाला बकरीनं पिशवीला तोंड घातलं.

पुढचं सांगायला नको. आधी बकरी शिंकली. मग पुढच्या सीटवरच्या मास्तरीणबाई, मग सगळी जीप. इरफाननं गाडी कडेला दाबली आणि बारा माणसं दरीकडे तोंड करून खोकत उभी राहिली.

"बाबा, ऊपर किसी से लड़ाई है क्या?" इरफान डोळे पुसत म्हणाला. "बता देते, हम पहले ही उतर जाते."

एक पावरा बाई बकरीला पोटाशी धरून मला तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. अर्थ विचारायची मला गरज वाटली नाही. बकरी तिची होती.

मी मात्र खाली बसून गाडीच्या पत्र्यावरचं तिखट हातानं गोळा करत होतो. इरफाननं पाहिलं. "जाने दो ना बाबा. बाज़ार में मिलता है."

"हे नाही मिळत," मी म्हणालो.

मग त्यानं डॅशबोर्डवरचं एक वर्तमानपत्र फाडलं आणि स्वतः वाकून दुसऱ्या बाजूचं गोळा करू लागला. धुळीसकट अर्धंअधिक मिळालं. बाकीचं घाटातल्या वाऱ्यानं नेलं.

तोरणमाळ, पहिला दिवस

तलाव चांगला आहे. त्याच्या काठी लोक पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात. मुंबई-पुण्याचे आले होते, स्वेटर घालून 'किती शांत, किती शांत' असं ओरडत होते.

पेत्रोस जामसिंग पावऱ्याच्या घरी उतरला होता. बांबूच्या कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या. जामसिंग माझ्याच वयाचा, कमी बोलणारा, म्हणून मला एकदम पटला. पेत्रोस दारात उभा होता. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि काही बोलला नाही. वर्षभर लोक येऊन इतकं बोलून गेले होते, म्हणून हे बरं वाटलं. पण लगेच म्हणाला, "बाबा, आज नहीं. सूरज जाता है. मेरे गाँव में सूरज के बाद ये नहीं सुनते. कल."

मी चिडणार होतो. पण आमच्याकडेही दिवेलागणीला रडू देत नाहीत. समुद्रापलीकडच्या लोकांनाही हे कोणी शिकवलं, देव जाणे.

जामसिंगच्या घरातल्या बाईंनी मक्याची भाकर आणि उडदाची डाळ वाढली. डाळ अशी की मी तिसऱ्यांदा घेतली आणि घरी सांगितलं नाही. जेवताना पेत्रोसनं त्याचं सगळं आयुष्य सांगितलं. त्याची हिंदी मोडकी, माझी त्याहून मोडकी, म्हणून फार खोटं बोलायची सोय नव्हती.

तो एका बेटावरचा. चारी बाजूंना समुद्र, मध्ये दगड, दगडांवर शेळ्या. त्याची आजी गावची रडणारी. कुठं मयत झालं की तिला बोलावणं. ती मेलेल्याच्या उशाशी बसून त्याचं आयुष्य गाऊन सांगायची, चांगलं आणि वाईट, घरच्यांच्या तोंडावर. (आमच्याकडे हे काम ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत होतं, आणि माणूस मरायची वाट पाहत नाहीत.) हा पोरगा तिच्या मागे मागे जायचा आणि ते रडणं बापाच्या वाद्यावर बसवायचा. वाद्य मी पाहिलं. उभा चिरलेला दुधी असावा तसं लाकूड, तीन तारा, मांडीवर उभं धरायचं आणि गजानं घासायचं.

सतराव्या वर्षी पळून शहरात गेला. बंदरावरच्या खानावळीत वाजवायचा. तिथं गिऱ्हाईक खूश झालं की जेवलेल्या ताटल्या जमिनीवर आपटून फोडायचं.

"ताटल्या कशाला?" मी विचारलं.

"खुशी."

"आमच्या घरी एकदा मी आपटली होती. खुशी झाली नव्हती."

मग सिनेमावाल्यांनी त्याला उचललं. नाव झालं. रेशमी सदरे, मोठमोठे हॉल, पोस्टरवर फोटो, त्यात दाढी काळी. आजीच्या रडण्याला त्यानं चाळीस व्हायोलिनं लावली आणि देशोदेशी वाजवलं. एके रात्री अशाच कुठल्या हॉलात, ते संपायच्या आधीच लोक उठून टाळ्या वाजवू लागले. तो वाकून नमस्कार करत होता. त्याच दिवशी तिकडे बेटावर आजीला पुरत होते. त्याला निरोप मिळाला होता, पण कार्यक्रमाची तिकिटं विकली गेली होती, म्हणून तो गेला नव्हता. आणि गावात रडणारी तेवढी एकच होती. सगळ्यांसाठी रडलेली बाई, तिच्यासाठी रडायला कोणी नव्हतं. तिचं रडणं हॉलात वाजत होतं आणि त्याला टाळ्या मिळत होत्या.

त्यानंतर तो स्टेजवर चढला नाही. काळे कपडे घातले ते आजपर्यंत.

मला यावर काहीतरी टोचून बोलायचं होतं. चांगलं सुचलंही होतं. पण माझ्या घरून वच्छलाची तिरडी निघाली तेव्हा मी मंडपवाल्याशी खुर्च्यांवरून भांडत होतो, ते आठवलं. म्हणून डाळ संपवली.

तोरणमाळ, दुसरा दिवस

सकाळी त्यानं एक परात पुढं ठेवली. शिजवलेले गहू, त्यात साखर, बेदाणे, डाळिंबाचे दाणे. त्यांच्याकडे मेलेल्याच्या नावानं हे करून वाटतात. त्यानं ते वच्छलाच्या नावानं केलं होतं, रात्रीच गहू भिजत घातले होते. आमच्याकडे याला अर्धवट सोडलेली खीर म्हणतील. पण मी खाल्ली. मी त्याला तिखटाची पुडी दिली, कोणी खुडलेल्या मिरच्यांचं आहे ते सांगितलं. त्यानं चिमूटभर घेऊन सरळ जिभेवर ठेवलं. देशोदेशीचं रडणं गोळा करणारा माणूस, त्याला स्वतःला रडताना मी तेव्हा पाहिलं. जामसिंगनं पाणी आणलं. मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

मग मी विचारलं. हसण्याच्या भरात विचारता आलं. "तू तिला रडायला लावलं नसतंस, तर ती राहिली असती का?"

त्याला प्रश्न कळला. त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "मैं ये अपनी दादी के लिए रोज पूछता हूँ. मालूम नहीं, बाबा."

नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला नसता.

ऊन अंगणात आलं तेव्हा त्यानं पेटी लावली.

रडणं आमच्याच घरात, दार लावून भरलेलं होतं; आधी बाहेरून गल्लीतला गलका. कोंबडी. कोणीतरी खोकलं. मग ती. सेहेचाळीस वर्षांत मला 'तुम्ही' सोडून कधी काही न म्हणालेली बाई पेटीत मात्र तू रे, तू रे करत होती.

"अरे मन्हा धनी रे, तू गया रे. आते कोन म्हनी भाजीमा मीठ नही रे. चहा बशीमा वतीसन फू फू कोन करी रे..."

सुरुवात छान होती. गुण सांगायचे असतात, तिनं यादीच घेतली. मी घोरतो. मी तिच्या भावाच्या लग्नात रुसून बसलो. मी दुकानदाराशी गोड आणि घरात कडू बोलतो. हे सगळं हेल काढून, सुरात, आणि मागे बायका हसतात. पेत्रोस माझ्याकडे पाहत होता. त्याला शब्द कळत नाहीत, हे देवाचं माझ्यावर एवढंच काय ते लक्ष.

मग तिचा आवाज खाली आला. बायकांचं हसणं थांबलं.

"पोळाले बैलना शिंगले रंग लावता लावता, मन्हा गालले कोन लावी रे..."

हे मी एकदाच केलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी. मी विसरलो होतो, आणि तीही विसरली असेल असं मी धरून चाललो होतो.

"आते लाथ मारीसन दरवाजा कोन उघाडी रे. मी तो दरवाजा दुरुस्त नही करसू रे. असाच ठेवसू रे. कान लाईसन बठसू रे..."

कान लावून बसेन, म्हणाली. त्यापुढं काही वेळ नुसतीच रडली. नाटकाचं रडणं आणि खरं रडणं मला ओळखता येतं. पेटीतलं कुठलं होतं ते मी सांगणार नाही.

आणि मग पेटीतून एकदम दण्णकन आवाज आला. जामसिंग दचकला. मी दचकलो नाही, मला तो आवाज माहीत होता. दाराला लाथ बसल्याचा. कालव्यावरून परत आलेलो मीच.

मग वच्छलाचा रोजचा आवाज, नाक पुसत: "उना देखा! मरेल मानूस उना चहा पेवाले!" आणि बायकांचं हसणं, आणि त्यात सगळ्यात मोठं तिचं. तिथं संपलं.

मी शेवटचं तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. लाथ, आणि मरेल मानूस उना, मेलेला माणूस आला. तीनदा ऐकलं.

पेत्रोसनं एक छोटी पेनड्राइव्ह पुढं केली. सगळं त्यात भरलेलं होतं, माझ्यासाठी. एवढ्यासाठीच तर मी आलो होतो. मी ती हातात घेतली, पाहिली आणि परत दिली.

"बाबा?"

"हे मेलेल्यासाठी रडलेलं आहे," मी म्हणालो. "मी अजून मेलो नाही. ती माझ्यासाठी रडून गेली, तिचं काम झालं. तू ठेव. मी मेलो की तुला निरोप येईल. तेव्हा ये, आणि माझ्या उशाशी लाव. सगळं लाव, घोरण्यासकट. आणि या वेळी तिकिटं विकली गेली म्हणून सांगू नको."

त्यानं पेनड्राइव्ह खिशात ठेवली. "बाबा, मैं सत्तर का हूँ."

"मी बहात्तरचा. रांगेत माझ्यामागे उभा राहा."

जामसिंग पहिल्यांदा हसला. दुपारच्या जीपला मी निघालो. इरफाननंच नेलं. त्यानं आधी माझी पिशवी तपासली.

लोणखेडा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून चहा घेत होतो तेवढ्यात सलीम मिस्त्री आला. रंधा, पटाशी, नवी कडी, सगळं घेऊन. दाराचा खळगा पाहून म्हणाला, "काका, हाई काय, हत्ती पाळेल शे का घरमा?" सून म्हणाली, "विचारा त्यासलेच."

मी त्याला चहा पाजला. तिखट लावून दोन भाकरी खाऊ घातल्या. मग सांगितलं, दाराला हात लावायचा नाही. सून म्हणाली, "पन मामा, तुमीच तं करू दे म्हनेल व्हतात." मी म्हटलं, म्हणालो होतो. सलीमनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं माझ्याकडे, आणि सलीमनं हत्यारं पिशवीत भरली.

तो गेल्यावर मी बाहेर आलो. दार ओढून घेतलं, पुरतं घट्ट बसेपर्यंत. वहाण नीट पायात घातली. मग खळग्यावर नेम धरून लाथ मारली.